पापलेटचं माप बाजारात लावा

पावसाळी बंदी उठून जेमतेम आठवडा झाला होता. दोन महिन्यांनी आमच्या बाजारातले मासळीचे ओटे पुन्हा ओले झाले होते. नेहमीच्या मावशींच्या पुढ्यात, बोंबलांच्या ढिगाशेजारी, पापलेटचे वाटे मांडलेले होते. एका वाट्यात दहा-अकरा नग. वाकून पाहिलं तर एकेक मासा माझ्या तळहातावर बसेल एवढाच.

"घ्या ताई, काटा नाय, पोरांना बरं," मावशी म्हणाल्या. "मोठ्याचा भाव इचारू नका. ह्यो वाटा दोनशेला देते."

मी घेतला. घरी आल्यावर मुलीच्या कंपासपेटीतली पट्टी काढली, मासे ओट्यावर ओळीने मांडले आणि तोंडाच्या टोकापासून शेपटीच्या खाचेपर्यंत एकेक मोजला. सगळ्यात मोठा ११.८ सेंटीमीटर, सगळ्यात लहान साडेनऊ. अकराही मिळून वजन अर्धा किलो भरलं नाही. साफ करायला घेतले तेव्हा बोटांना चंदेरी वर्ख लागून येत होता, इतकी त्यांची कातडी कोवळी. पोटं उघडली. गाबोळीचा, म्हणजे अंड्यांचा, मागमूसही नव्हता.

महाराष्ट्रात पापलेटचं किमान कायदेशीर माप १३५ मिलिमीटर आहे, म्हणजे साडेतेरा सेंटीमीटर. साध्या बॉलपेनाहून किंचित कमी. माझ्या ओट्यावरचा एकही मासा त्या मापात बसत नव्हता. आणि हा काही कुठला दुर्लक्षित मासा नाही, महाराष्ट्राचा राज्य मासा आहे.

सप्टेंबर २०२३ मध्ये पापलेटला राज्य माशाचा मान मिळाला. त्यानंतर दोनच महिन्यांनी, २ नोव्हेंबर २०२३ रोजी, राज्य सरकारने ५४ प्रजातींची किमान मापं ठरवून दिली. बोंबील १८० मिलिमीटर, घोळ ७०० मिलिमीटर, पापलेट १३५. केंद्रीय सागरी मत्स्यसंशोधन संस्थेने अभ्यास करून सुचवलेली ही मापं आहेत. याहून लहान मासा पकडायचा नाही, असा नियम. मला हा नियम मनापासून पटतो. तो चुकीच्या जागी लावला जातोय, एवढंच मला सांगायचं आहे. आपण समुद्राकडे बघत बसलोय आणि मासा मात्र आपल्या नाकासमोरून, दिवसाढवळ्या, बर्फाच्या पेटीतून जातोय.

पिल्लू पकडल्याने बिघडतं काय, असं विचारणारे भेटतात. समुद्र एवढा मोठा आहे, माशाला लाखो अंडी होतात, चार वाटे विकले गेले तर काय झालं? माझ्याच वाट्याचा हिशेब मांडते. आज त्या अकरा माशांचे दोनशे रुपये आले. पाण्यात राहिले असते तर सगळे जगले नसते, हे उघड आहे. मोठ्या माशाने खाल्ले असते, रोगाने मेले असते. समजा अकरातले तीनच जगले आणि चारशे-चारशे ग्रॅमचे झाले. तरी बाराशे ग्रॅम पापलेट झालं, आणि त्या मापाचं पापलेट किलोला हजाराच्या वर जातं. दोनशेच्या जागी बाराशेहून जास्त रुपये, तेही आठ मासे मेले असं धरून. शिवाय त्या तिघांत एखादी मादी असती तर तिने अंडी घातली असती. मासा जसा वाढतो तशी त्याची अंडी नुसती त्या प्रमाणात वाढत नाहीत, त्याहून कितीतरी पटींनी वाढतात. जुनी, थोराड मादी म्हणजे समुद्राचं बियाण्याचं खरं पेव. पिल्लू उचललं की वजन तर जातंच, पुढचं पेवही जातं.

एप्रिल २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने मत्स्यव्यवसायाला शेतीचा दर्जा दिला. वीज, कर्ज, विमा या सवलतींसाठी तो हवाच होता. पण शेतीचा दर्जा द्यायचा तर शेतकऱ्याची एक रीतही लक्षात ठेवायला हवी. कितीही टंचाई असो, बियाण्याची कणगी दळणाला काढत नाहीत. आपण दर ऑगस्टमध्ये तीच काढतो.

मग हे मासे पकडतं कोण? इथे लगेच बोटं दाखवणं सुरू होतं. दालदीवाला डोलवाल्याकडे दाखवतो, डोलवाला ट्रॉलरकडे, ट्रॉलरवाला पर्ससीन या वेढ्याच्या जाळ्याकडे. प्रत्येकाच्या म्हणण्यात तथ्य आहे, म्हणून जाळ्यांतला फरक नीट समजून घेतला पाहिजे. सातपाटीचे मच्छीमार पापलेटसाठी दालदी वापरतात. ही तरंगत्या पडद्यासारखी पाण्यात सोडतात, तिचा आस, म्हणजे जाळ्याचं भोक, मोठा असतो. पिल्लू त्यातून आरपार निघून जातं, अडकतो तो मोठा मासा. डोलीचं तसं नाही. समुद्रतळात रोवलेल्या खुंटांना बांधलेलं ते लांब, शेवटाकडे निमुळतं होत गेलेलं पिशवीसारखं जाळं. भरती-ओहोटीचं पाणी त्यात जे लोटेल ते आत. बोंबील, मांदेली, करंदी, जवळा हे डोलीचं धन. जवळ्यासारखी बारीक चीज धरायची तर शेवटच्या पिशवीचा आस बारीकच लागणार, आणि त्या आसातून पापलेटचं पिल्लू सुटणार नाही. डोलवाला पापलेट मारायला गेलेला नसतो. जाळं उचलल्यावर त्याला ते दिसतं, आणि तोवर बहुतेक मासे मेलेले असतात.

म्हणूनच "लहान मासा पकडू नका" एवढंच त्याला सांगणं मला पोकळ वाटतं. मेलेलं पिल्लू पाण्यात परत टाकून कुणाचंच भलं होत नाही. त्याच्या हातात आहे ते जाळं कुठे लावायचं, कोणत्या महिन्यात लावायचं, शेवटच्या पिशवीचा आस किती ठेवायचा, एवढंच. आणि तो ते बदलेल केव्हा? पिल्लांना बाजारात किंमत उरणार नाही तेव्हा. आज किनाऱ्यालगत पिल्लांच्या थव्यात जाळं लावलं तरी दोन पैसे सुटतात. ते सुटेनासे झाले की तोच माणूस दुसरीकडे जाईल, त्याला कुणी हुसकावायला नको.

पिल्लं धरायला खरी मुभा मिळाली ती तारखेतल्या बदलाने, असं मी मानते. कोळ्यांचा समुद्र नारळी पौर्णिमेला खुला होतो. पिढ्यान्‌पिढ्यांची रीत. महाराष्ट्राची पावसाळी बंदीही पूर्वी १० जूनला सुरू व्हायची आणि नारळी पौर्णिमा किंवा १५ ऑगस्ट, यांतलं जे आधी येईल तोवर चालायची. पुढे सबंध पश्चिम किनाऱ्याला एकच वेळापत्रक लागलं, १ जून ते ३१ जुलै, ६१ दिवस. कागदावर दिवस फारसे कमी झाले नाहीत. पण ऑगस्टचा पहिला पंधरवडा हातचा गेला, आणि नेमकं त्याच सुमारास किनाऱ्याजवळ पापलेटची नवी वीण तळहाताएवढी झालेली असते. २०२३ साली अधिक श्रावण होता, नारळी पौर्णिमा ३० ऑगस्टला आली. सोन्याचा नारळ समुद्राला वाहायच्या आधीच महिनाभर जाळी पाण्यात होती. पालघरच्या किनाऱ्यावरचे पारंपरिक मच्छीमारच गेली काही वर्षं सांगतायत की बंदी वाढवा. ज्यांची रोजी बुडणार तेच बंदी मागतायत, तेव्हा त्यांचं ऐकायला हवं.

आणखी एक गोष्ट इथे आठवते. आपल्याकडे श्रावण पाळतात. पुष्कळ घरांत गटारीनंतर मासळी येते ती थेट गणपती गेल्यावर. खाणाऱ्याच्या स्वयंपाकघरातच घातलेली ही बंदी होती, आणि तिचं वेळापत्रक समुद्राच्या वेळापत्रकाशी बरंचसं जुळणारं होतं. धर्म म्हणून पाळा असं मला म्हणायचं नाही. पण मागणी थांबली की जाळं थांबतं हे आपल्या आज्यांच्या घरांत दरवर्षी घडत होतं, ते विसरायला नको.

आता अंमलबजावणीकडे येऊ. १९८१ चा महाराष्ट्र सागरी मासेमारी नियमन कायदा २०२१ मध्ये दुरुस्त झाला, दंड वाढले. एलईडी दिवे लावून मासेमारी केली तर ५ ते २० लाखांपर्यंत दंड. जानेवारी २०२५ पासून ड्रोन फिरू लागले. हे सगळं हवंच आहे. पर्ससीनच्या बाबतीत तर मी कुठलीही दयामाया मागणार नाही. ते जाळं थव्याभोवती वेढा घालतं आणि बटव्याची नाडी ओढावी तसं खालून आवळतं. वर रात्री प्रखर दिव्यांनी मासळी गोळा केली की त्या वेढ्यातून सुटायला काही उरत नाही. केंद्राने नोव्हेंबर २०१७ मध्ये एलईडी मासेमारी बंद केली. राज्यात डॉ. सोमवंशी समितीच्या अहवालावरून ५ फेब्रुवारी २०१६ रोजी आदेश निघाला होता, पर्ससीनचे परवाने ४९४ वरून टप्प्याटप्प्याने २६२ आणि पुढे १८२ वर आणायचे, हंगाम सप्टेंबर ते डिसेंबर एवढाच ठेवायचा. सिंधुदुर्गातल्या रापणकराला, म्हणजे किनाऱ्यावरून जाळं ओढणाऱ्या मच्छीमाराला विचारा, जानेवारी-फेब्रुवारीच्या रात्री क्षितिजावर काय दिसतं ते. तिथे ड्रोनचा उपयोग आहे, कारण दिवा लांबून दिसतो.

पण बर्फाखाली झाकलेलं साडेनऊ सेंटीमीटरचं पापलेट ड्रोनला दिसत नाही. गस्ती नौकेलाही दिसत नाही. ७२० किलोमीटरचा किनारा, मासळी उतरवण्याची दीडशेहून जास्त ठिकाणं, हजारो होड्या. प्रत्येक होडीमागे अधिकारी पट्टी घेऊन जाणार आहे का?

मावशींना मी दुसऱ्या दिवशी पट्टीची गोष्ट सांगितली. त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "बंदरावर लिलावात आलं, बोली लागली, म्हणून मी घेतलं. तिथं आलंच नसतं तर मी कुठून आणणार होते?"

या एका वाक्यात सगळं आलं. समुद्रात हजारो होड्या असतात, पण त्यांचा माल काही ठरावीक बंदरांवर, ठरावीक वेळी, मोजक्या व्यापाऱ्यांसमोर उतरतो. तिथे लिलाव होतो, वजन होतं, पावती फाटते. माप लावायचं ते या ठिकाणी. सातपाटीच्या सहकारी संस्थांमध्ये पापलेट आजही प्रतवारी करूनच घेतलं जातं. अर्धा किलोच्या वरचं सुपर, त्याखाली एक नंबर, दोन नंबर, तीन नंबर. म्हणजे काटा तिथे आहे, माणूस तिथे आहे, नजर तिथे पक्की आहे. मापाखालच्या माशाला प्रतवारीत जागा नाही, त्याची बोली लागणार नाही, एवढं ठरवायला नवं खातं उघडावं लागत नाही. लिलावात ज्याची बोली लागत नाही तो मासा बर्फात जात नाही, टेम्पोत चढत नाही, माझ्या बाजारातल्या ओट्यावर येत नाही. दंड करायचा तर मोठ्या खरेदीदाराला करा. ज्याच्या पेटीत शंभर किलो पिल्लं सापडतील त्याला पकडा. ज्या कोळणीच्या पुढ्यात चार वाटे आहेत तिच्या टोपलीवर काठी मारू नका.

केरळकडे बघा. मापाचा नियम देशात पहिल्यांदा त्यांनी २०१५ मध्ये आणला. त्यामागे मोठा धडा होता. तारली हा केरळच्या गरिबाघरचा मासा. २०१२ मध्ये तिथे जवळपास ४ लाख टन तारली उतरली होती. २०२१ मध्ये उतरली फक्त ३,२९७ टन. लाखांवरून हजारांवर. समुद्राचं तापमान आणि २०१५ चा एल निनो याला कारण होते, आणि अंडी न घातलेली तारली फिशमीलच्या, म्हणजे मासळीच्या भुकटीच्या, कारखान्यांसाठी उपसली गेली हेही कारण होतं. निसर्गाने कोंडी केली त्या वेळी मासळीजवळ शिल्लकच नव्हती. पुढे तारली काही प्रमाणात परतली, पण त्या मधल्या वर्षांत कितीतरी होड्या किनाऱ्यावर उलट्या पडून राहिल्या. दुसरीकडे किळिमीन, म्हणजे आपला राणी मासा. मापाचा नियम लावल्यावर केरळात त्याची आवक ४१ टक्क्यांनी वाढली, असं केंद्रीय सागरी मत्स्यसंशोधन संस्थेच्या अभ्यासात दिसलं. तिथल्या मच्छीमारांनीही सुरुवातीला नियमाविरुद्ध आरडाओरडा केला होता. जाळ्यात मोठा मासा येऊ लागल्यावर आवाज कमी झाला.

"हे सगळं हवामानबदलामुळे होतंय, माप लावून काय होणार," असा आणखी एक आक्षेप येतो. हवामानाची गोष्ट खरी आहे. २०१९ मध्ये महाराष्ट्रात २.०१ लाख टन मासळी उतरली, ४५ वर्षांतली सर्वांत कमी. त्या वर्षी अरबी समुद्रात वायू, हिक्का, क्यार, महा अशी एकामागून एक वादळं आली, भर हंगामात होड्या बंदरात अडकून पडल्या. पण समुद्र बेभरवशाचा झालाय म्हणून बियाणं राखायचं सोडायचं, हा उलटा न्याय झाला. पाऊस लहरी झाला म्हणून शेतकरी बी जास्त सांभाळतो.

घोळीची गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. ऑगस्ट २०२१ च्या शेवटी पालघरजवळच्या मुरब्याच्या एका होडीला एका फेरीत १५७ घोळी लागल्या आणि १ कोटी ३३ लाखांना विकल्या गेल्या. पेपरांत, टीव्हीवर लॉटरी लागल्यासारखी बातमी झाली. त्या कुटुंबाचं भलं झालं याचा मला आनंदच आहे. समुद्रावर जाणाऱ्याच्या आयुष्यात असे दिवस किती येतात? घोळीला एवढा भाव येतो तो तिच्या पोटातल्या हवेच्या पिशवीमुळे, जिला आपल्याकडे बोत म्हणतात. त्याच पिशवीभोवतीचे स्नायू कंपवून घोळ पाण्याखाली घुमल्यासारखा आवाज काढते. तिच्या जातभाईंत हा आवाज जोडीदाराला बोलावण्याचा असतो. जाणते तांडेल पाण्याला कान लावून घोळीचा थवा ओळखत. पण हाच तिचा घातही आहे. विणीसाठी जो मासा एका जागी गोळा होतो, त्याचा अख्खा गोतावळा एका वेढ्यात संपू शकतो. गोतावळ्याचे दिवस आणि जागा सोडून दिल्या तरच पुढच्या पिढीला घोळ दिसेल.

हीच घोळ ऑस्ट्रेलियाच्या उत्तर टोकाला, केप यॉर्कच्या किनाऱ्यावरही मिळते. तिथल्या इंजिनू या आदिवासी वस्तीतल्या लोकांच्या २००० च्या सुमारास लक्षात आलं की गळाला लागणारी घोळ आता पोरवयातलीच असते, मोठी दिसतच नाही. त्यांनी आपणहून दोन वर्षांसाठी घोळ धरायची बंद केली. सरकारने सांगितलं म्हणून नाही, आपल्या समुद्राचे आपण धनी आहोत म्हणून. पुढच्या पाहणीत आधीपेक्षा मोठे मासे सापडले. ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते, कारण आपल्याकडचा मच्छीमार हे करायला तयार आहे. डोलीच्या खुंटांच्या जागा, ज्यांना कवी म्हणतात, त्या कुणी कुठे रोवायच्या याचे संकेत गावागावांनी आपसांत ठरवलेले होते. त्यावरून आज उत्तन-वसई आणि सातपाटी-डहाणू यांच्यात वाद पेटतात, कारण मासळी घटली की संकेत मोडतात. पण संकेत करायची आणि पाळायची सवय या समाजाला होती आणि आहे. गोव्यात १९७० च्या दशकात ट्रॉलरविरुद्ध उभे राहिले ते रापणकारच, आणि मातानी साल्ढाणांसारख्या नेत्यांच्या पुढाकाराने त्यांनी सरकारला कायदा करायला भाग पाडलं. किनाऱ्यालगतच्या पाण्याचा हक्क आणि जबाबदारी दोन्ही गावाच्या संस्थेकडे द्या. पिल्लांचे महिने कोणते, कोणत्या पट्ट्यात तेव्हा डोल लावायची नाही, हे त्या संस्थेला मत्स्यव्यवसाय विभागातल्या कुठल्याही फायलीपेक्षा चांगलं ठाऊक आहे.

इथे सरकारलाही एक प्रश्न विचारायला हवा, आणि तो मी दबकत विचारणार नाही. डहाणूजवळ वाढवणला बंदर होतंय. जून २०२४ मध्ये केंद्राने ७६,२२० कोटींच्या या प्रकल्पाला मंजुरी दिली, त्याच वर्षी ३० ऑगस्टला पालघरला पायाभरणी झाली. त्यासाठी १,४४८ हेक्टर समुद्र भरावाखाली जाणार आहे. उथळ, खडकाळ, गाळाचा हा पट्टा मासळीच्या पिल्लांचं पाळणाघर आहे, असं तिथले मच्छीमार वर्षानुवर्षं ओरडून सांगतायत. एकाच समुद्रात डोलवाल्याला म्हणायचं, साडेतेरा सेंटीमीटरखालचं पापलेट मारू नकोस, आणि त्याच पापलेटची बाळंतखोली दगडमातीने बुजवायची, यातून नियमाचा धाक उरत नाही. राज्य माशाचा मान द्यायचा असेल तर त्याच्या विणीच्या आणि वाढीच्या जागांनाही द्यायला हवा. ते न करता फक्त लहान होडीवाल्याला पट्टी दाखवली तर तो ती समुद्रात फेकून देईल, आणि मी त्याला दोष देणार नाही.

पैशाचं काय, हाही प्रश्न आहेच. मावशींनी तो मला विचारला होता: "मग ऑगस्टात मी इकू काय?" प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत बंदीच्या काळासाठी सरकारचे ३,००० आणि मच्छीमाराचे स्वतःचे १,५०० मिळून तीन महिन्यांना ४,५०० रुपये धरलेले आहेत. महिन्याला दीड हजार. त्यात पाच माणसांच्या घराचा किराणा तरी होतो का? आणि मासळी विकणाऱ्या बाईला तर या हिशेबात बहुतेक वेळा कुणी धरतच नाही. बंदी वाढवायची तर ही रक्कम माणसाला जगवेल एवढी करा आणि विकणारीच्या खात्यातही टाका.

हे अशक्य नाही, कारण याच राज्यात एक चांगलं उदाहरण आहे. डिसेंबर २०१८ पासून कासव, देवमासा, बहिरी (व्हेल शार्क) अशा संरक्षित जिवाला जाळं कापून सोडून दिलं तर फाटलेल्या जाळ्याची भरपाई मच्छीमाराला मिळते, २५,००० रुपयांपर्यंत. कांदळवन कक्ष आणि मत्स्यव्यवसाय विभाग मिळून ही योजना चालवतात. मच्छीमार मोबाईलवर फोटो काढतो, कासव सोडतो, अर्ज करतो. दंडाच्या भीतीने जे झालं नसतं ते विश्वासाने झालं. तीच पद्धत पापलेटला लावता येईल. ऑगस्टमध्ये बारीक आसाची डोल न लावणाऱ्या, शेवटच्या पिशवीचा आस वाढवणाऱ्या होडीला त्या हंगामाची भरपाई द्या. डिझेल परताव्यावर जो पैसा जातो, त्याच्या तुलनेत ही रक्कम मोठी असणार नाही.

आणि आपण. बारीक पापलेटचा बाजार टिकून राहिला आहे तो खाणाऱ्यांमुळेही. थाळीत अख्खा मासा हवा, तो ताटात मावायला हवा, शिवाय थाळीची किंमत वाढायला नको, असं म्हटलं की हॉटेलवाला पिल्लूच उचलतो. मोठ्या पापलेटची एक तुकडी वाढली तर काय बिघडलं? खानावळीच्या फळ्यावर "आमच्याकडे मापाखालचं पापलेट मिळत नाही" असं लिहिलेलं मला बघायचं आहे. बाजाराच्या दारात साडेतेरा सेंटीमीटरची लोखंडी पट्टी ठोकलेली बघायची आहे, नगरपालिकेने ती ठोकावी आणि कुणाही गिऱ्हाईकाला मासा तिला लावून बघता यावा. शहरातल्या माणसाला बांगडा आणि सुरमई यांतला फरक कळत नाही अशी कोळणींची नेहमीची तक्रार असते. एक माप तरी कळू दे.

त्या वाट्यानंतर मी मापाखालचं पापलेट घेतलेलं नाही. पहिल्या काही वेळा मावशींना वाटलं भावावरून अडलंय, त्यांनी दीडशेपर्यंत उतरवलं. आता त्या आग्रह करत नाहीत. परवा मी ओट्याजवळ पोचले तेव्हा त्यांनी पापलेटची परात आपणहून मागे सरकवली आणि मांदेलीचा ढीग पुढे केला. मांदेली पुरती वाढली तरी क्वचितच वीतभर होते, तिला लहान म्हणून कुणी दोष देऊ शकत नाही. "ही म्हातारी हाय सगळी," मावशी म्हणाल्या, आणि एकीचं पोट दाबून मला आतली गाबोळी दाखवली.